पिकावरील बुरशी आणि माणसाचा डोळा

कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर धानाची कापणी उरकत येते. अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि पलीकडे गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा, हा सारा मुलूख झाडीपट्टी या नांवानें ओळखला जातो. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली वेगळा झाला. तोंपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. आजही अरण्य एक, नदी एक आणि घराघरांतला मुख्य घांस एकच, तो म्हणजे धानाचा भात. बांधींतून कापलेलें धान पेंढ्या बांधून खळ्यावर येतें, त्याचीं पुंजणीं रचलीं जातात आणि मग मळणी सुरू होते. कोठें बैलांच्या पायांखालीं, कोठें यंत्रानें. पण कोणत्याही रीतीनें मळलें तरी धूळ, कोंडा आणि कुसळें हवेंत उधळल्यावांचून राहत नाहींत.

अशा वेळीं मळणीवर असलेल्या एखाद्या बाईच्या डोळ्यांत कुसळ जातें. ती पदराच्या टोंकानें डोळा पुसते, पाण्याचा एक हबका मारते आणि पुन्हां कामास लागते. कुसळ निघून गेलेलें असतें. मागें राहतो तो केवळ एक ओरखडा, इतका बारीक कीं आरशांत पाहूनही दिसूं नये. एकदोन दिवसांत डोळा लाल होतो, मग उजेड सोसवेनासा होतो. आठवड्याच्या आंतबाहेर बुबुळावर राखी रंगाचा ठिपका दिसूं लागतो. घरचीं माणसें म्हणतात, फूल पडलें. आणि पुष्कळदां तें फूल जन्मभर तसेंच राहतें.

त्या ठिपक्याचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां कित्येक वेळां त्यांत बारीक, फांद्या फुटलेले तंतु दिसतात. ते तंतु बुरशीचे असतात. आणि ही बुरशी अनेकदां त्याच कुळीची असते, जिनें त्या बाईच्या शेतांत बांधावरची तूर उभ्या उभ्या वाळविलेली असते. पिकाचा वैरी आणि डोळ्याचा वैरी यांचें हें नातें थोड्यांना ठाऊक आहे. परंतु तें ठाऊक नसल्यामुळें जे डोळे जातात ते थोडे नाहींत.

श्रोतेहो, पिकाचा रोग माणसास होतो काय, असें विचारलें तर कोणीही शहाणा मनुष्य नाहीं म्हणेल, आणि तें बव्हंशीं खरेंच आहे. ज्वारीच्या काणीनें काळे झालेले हात धुऊन शेतकरी पिढ्यान् पिढ्या भाकरी खात आला आहे. गव्हावर तांबेरा पडला म्हणून कोणाच्या अंगावर तांबेरा चढला नाहीं, कीं धान करपलें म्हणून कोणाचें अंग करपलें नाहीं. याचें एक मोठें कारण म्हणजे आपल्या देहाची ऊब होय. बहुतेक बुरशी थंडाव्यांत वाढणाऱ्या आहेत. ३७ अंश सेल्सिअसची ऊब त्यांना सोसत नाहीं. ३० ते ४० अंशांच्या दरम्यान दर अंशागणिक बुरशीच्या आणखी सुमारें शेंकडा ६ जाती गळून पडतात, असें २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणींत आढळलें. या उबेच्या जोडीला रक्तांतील पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. श्वासावाटे रोज आंत जाणारे असंख्य बीजाणु त्या निमूटपणें नाहींसे करतात.

परंतु प्रत्येक तटबंदीस कोठें तरी एखादी खिडकी असतेच. कांहीं थोड्या बुरशी अशा आहेत कीं त्यांना वनस्पतीही चालते आणि संधि मिळाल्यास माणूसही चालतो. त्यांत फ्युजेरियम नांवाची कुळी अग्रगण्य होय. तूर आणि हरभरा यांवरील मर रोग हिचाच. कपाशीचा मर रोगही हिचाच. तुरीच्या मर रोगाची बुरशी एडविन बटलर या शास्त्रज्ञानें १९१० मध्यें हिंदुस्थानांतूनच वर्णिली. याच कुळींतील एक जात धानाच्या रोपांना लागली म्हणजे तीं पिवळट होऊन भलतींच उंच वाढतात आणि लोंबी न धरतां मरतात. जपानी शेतकरी अशा रोपाला वेडें रोप म्हणत. या वेडाचा शोध घेतां घेतां कुरोसावा यानें १९२६ मध्यें दाखवून दिलें कीं बुरशी जें द्रव्य बाहेर टाकते त्यानेंच रोप लांबतें. पुढें त्या द्रव्यास जिबरेलिन हें नांव पडलें आणि आज नाशिककडील द्राक्षांचे घड टपोरे व्हावेत म्हणून तेंच द्रव्य वापरतात. सृष्टींत निव्वळ शत्रु असा कोणी क्वचितच असतो, याचें हें एक लहानसें उदाहरण.

फ्युजेरियमखेरीज आणखीही सोबती आहेत. भुईमूग व मका यांवर वाढून त्यांत विष कालविणारी ॲस्परजिलसची हिरवट बुरशी, धानाचा दाणा काळवंडविणारी कर्व्ह्युलारिया, मिरचीचें फळ कुजविणारी व शेंडे वाळविणारी कोलेटोट्रायकम, या साऱ्यांच्या कुळींतील बुरशी रोग्यांच्या डोळ्यांतून काढून ओळखण्यांत आल्या आहेत. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावयास हवी. कुळी एक असली तरी तींत जाती अनेक असतात, आणि तूर मारणारी नेमकी तीच जात डोळा मारते असें सरसकट म्हणतां येत नाहीं. परंतु शेतांतील माती, वाळलेला पाला आणि कुसळाचें टोंक यांवर या कुळींची सरमिसळ वस्ती असते. कुसळ डोळ्यांत शिरतें तें एकटें शिरत नाहीं. तें आपल्याबरोबर बीज घेऊन जातें.

आतां प्रश्न असा कीं, सारें शरीर सोडून डोळ्यावरच हा घाला कां? बुबुळासमोर जो कांचेसारखा स्वच्छ पडदा असतो त्यास पारपटल म्हणतात. त्याची मध्यावरील जाडी अवघी अर्धा मिलिमीटर. प्रकाश आरपार जावा म्हणून निसर्गानें त्यांत रक्तवाहिन्या ठेवल्याच नाहींत. पारदर्शकतेसाठीं दिलेली ही किंमत आहे. जेथें रक्त नाहीं तेथें रक्तांतील पहारेकरी वेळेवर पोंचत नाहींत. शिवाय हा पडदा सदा उघड्या हवेंत असल्यामुळें देहाच्या इतर भागांहून दोनतीन अंशांनीं थंड असतो. त्याच्या वरची त्वचा अखंड आहे तोंवर बीजाणु अश्रूंनीं धुवून जातात. पण एक ओरखडा पडला कीं थंड, ओलसर आणि बिनपहाऱ्याची अशी भूमि त्यांना आयतीच मिळते. मग तंतु पडद्याच्या थरांतून आडवे-उभे पसरतात, त्यांच्या पाचकरसानें पडदा विरघळूं लागतो, आणि उशिरानें धांवून आलेल्या पांढऱ्या पेशींच्या झटापटींतही त्याचीच हानि होते.

हा रोग वैद्यकाच्या दफ्तरांत प्रथम नोंदला गेला तोही खळ्यावरूनच. १८७९ मध्यें थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्यानें एका शेतकऱ्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ओटाच्या मळणीच्या वेळीं त्याच्या डोळ्यांत तूस उडालें होतें, आणि लेबरनें त्या डोळ्यांतील व्रणांतून ॲस्परजिलस ओळखून काढली. पीक निराळें, देश निराळा. पण कथा तीच. आपल्या देशांत या रोगाचा मोठा अभ्यास मदुरा येथें झाला. तेथील नेत्ररुग्णालयांत १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत पारपटलाच्या व्रणाचे ४३४ रोगी आले. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश लोकांच्या डोळ्यांस आधीं इजा झालेली होती, आणि ती बहुधा शेतकामांतली. ज्यांच्या व्रणांत रोगबीज सांपडलें त्यांत बुरशीचे आणि जंतूंचे रोगी जवळजवळ समसमान निघाले. आणि बुरशींपैकीं निम्म्याच्या आसपास फ्युजेरियम होती. साऱ्या जगाचा विचार केला तर बुरशीनें डोळ्याला व्रण होणाऱ्यांची संख्या दरसाल दहा लाखांहून अधिक आहे, असा अंदाज २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुसंख्य लोक आशिया आणि आफ्रिका खंडांतील कष्टकरी आहेत.

हा रोग इतके डोळे नेतो यांत बुरशीच्या सामर्थ्याइतकाच माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांचाही भाग आहे. पहिली चूक घरगुती उपायांची. कोणी डोळ्यांत मध घालतो, कोणी पाल्याचा रस पिळतो, कोणी अंगावरचें दूध सोडतो. भावना चांगली असते, परंतु फुटलेल्या पडद्यावर जें जें स्वच्छ नाहीं तें तें नव्या रोगाचें बीज ठरूं शकतें. दुसरी चूक याहून घातक आणि ती शिकलेल्या लोकांच्या हातून अधिक होते. डोळा लाल झाला कीं दुकानांतून थेंब आणावयाचे, किंवा घरांत मागच्या खेपेची उरलेली शिशी असेल ती पुढें करावयाची. त्या शिशींत स्टेरॉइड असलें तर लाली लगेच उतरते, ठणका थांबतो आणि रोगी समाधान पावतो. वस्तुतः लाली उतरली ती रोग हटला म्हणून नव्हे, तर पहारेकऱ्यांना गुंगी आली म्हणून. त्या गुंगींत बुरशी निर्धास्तपणें खोल जाते. शहरांतल्या घरीं काम करणाऱ्या बाईला किंवा गांवाकडून आलेल्या नातलगाला दयेपोटीं दिलेली अशी एखादी शिशी डोळा घालविण्यास पुरेशी होते.

बरा होण्याचा मार्ग नाहीं असें मात्र नाहीं. व्रणाचा कण खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर बुरशीचे तंतु कांहीं मिनिटांतच दिसूं शकतात. ही तपासणी स्वस्त आहे आणि साधी आहे. औषधाची कथा तर मनोरम आहे. १९५५ मध्यें दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या मातींत एक सूक्ष्म जीव सांपडला आणि त्यानें निर्मिलेल्या द्रव्यास नाटामायसिन असें नांव मिळालें. चीजच्या गोळ्यावर बुरशी चढूं नये म्हणून जें द्रव्य लावतात तें हेंच. ज्या मातींतून रोग येतो त्याच मातीनें त्याचें औषधही दिलें. त्यानंतर निघालेलीं नवीं औषधें अधिक गुणकारी असतील अशी अपेक्षा होती. परंतु मदुरेच्या नेत्ररुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत, विशेषतः फ्युजेरियमपुढें, हें जुनें औषधच सरस ठरलें. आरंभीं तें दर तासाला घालावें लागतें आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. उपचार उशिरां सुरू झाला तर औषध चालूनही डाग राहतो, आणि कधीं कधीं दुसऱ्याचें पारपटल बसविण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

म्हणजे सारा प्रश्न येऊन ठेपतो तो वेळेवर. या बाबतींत नेपाळांतील भक्तपूरचा अनुभव मोठा उद्बोधक आहे. तेथें गांवोगांवच्या सेवकांना पारपटलावरचा ओरखडा ओळखावयास शिकविलें आणि क्लोरॅम्फेनिकॉलचें साधें मलम त्यांच्या हातीं दिलें. २००१ मध्यें त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ओरखडा पडलेल्या ४४२ जणांना दिवसांतून तीन वेळां, तीन दिवस तें मलम लावलें. त्यांपैकीं ४२४ जणांचा डोळा रोग न होतां बरा झाला. इजेपासून १८ तासांच्या आंत जे आले त्यांतल्या एकासही व्रण झाला नाहीं. पण २४ ते ४८ तासांनीं आलेल्यांत शेंकडा २८ हून अधिक लोकांना झाला. मलम जंतूंवरचें आहे, बुरशी मारण्याचें बळ त्यांत नाहीं, हें खरें. म्हणून डोळा दुसऱ्या दिवशींही निवळला नाहीं तर नेत्रवैद्याकडे गेलेंच पाहिजे. तथापि ओरखडा ही आजाराची सुरुवात आहे, किरकोळ बाब नव्हे, एवढें गांवाला समजलें हाच त्या प्रयोगाचा खरा लाभ.

अठरा तास. सायंकाळीं चार वाजतां डोळ्यांत कुसळ गेलें तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहापर्यंतची ही मुदत होय. नागपुरांत किंवा पुण्यांत एवढ्या वेळांत दहा नेत्रवैद्यांची दारें ठोठावतां येतील. परंतु पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा मार्गच तुटतो. एटापल्लीच्या रानांत तेंदूपत्ता तोडतांना फांदीचा फटका डोळ्यावर बसला तर मजूर त्या दिवसाची मजुरी सोडून कोठें जाणार? शिवाय ओरखडा दुखतो थोडा आणि काम असतें पुष्कळ. तेव्हां उपाय गांवांतच हवा. आणि असा उपाय गांवाला पेलतो, याचा पुरावा गडचिरोलीनेंच जगाला दिला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ मध्यें तेथें सर्च ही संस्था स्थापिली. खेड्यांतल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरीं नवजात अर्भकांची शुश्रूषा केल्यानें ३९ गांवांतील अर्भकांचे मृत्यु किती घटले, तो वृत्तांत १९९९ मध्यें विलायतेंतील लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत आला आणि अनेक देशांनीं त्याची दखल घेतली. ज्या स्त्रिया तान्ह्या मुलाचा श्वास मोजावयास शिकल्या, त्यांच्यासारख्या स्त्रियांना डोळ्यांतला ओरखडा ओळखणें अवघड जाणार नाहीं.

हें सारें ऐकून शहरांतील घरांना वाटेल कीं ही गोष्ट दूरच्या रानांतली आहे. तसें नाहीं. २००५ व २००६ मध्यें सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिका येथें सुशिक्षित तरुण-तरुणींच्या डोळ्यांत फ्युजेरियमचे व्रण दिसूं लागले. त्यांनीं शेत पाहिलेंही नव्हतें. ते डोळ्यांत बसवावयाचीं भिंगें वापरीत, आणि भिंगें धुण्याच्या एका द्रावाशीं त्या सांथीचा संबंध निघाला. एकट्या अमेरिकेंत असे १६४ रोगी निश्चित झाले. २०२१ मध्यें करोनाच्या लाटेमागून जी काळी बुरशी म्हणून ओळखली गेली, तींत मुख्य वांटा ऱ्हायझोपसचा होता. हीच कुळी फळें आणि सूर्यफुलाचीं फुलें कुजविते. आटोक्यांत नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक यांनीं शरीराचा पहारा ढिला पडला, आणि एरवीं निरुपद्रवी असलेली बुरशी आंत शिरली. २०२३ मध्यें कलकत्त्याहून आणखी एक वृत्त प्रसिद्ध झालें. झाडांच्या बुरशींवर संशोधन करणाऱ्या ६१ वर्षांच्या एका गृहस्थाच्या श्वासनलिकेजवळ गळूं झालें आणि त्यांत झाडांचीं पानें रुपेरी करणारी बुरशी निघाली. ती माणसांत पूर्वीं कधीं आढळली नव्हती. औषधानें तो गृहस्थ पूर्ण बरा झाला, आणि एवढ्यावरून भयभीत होण्याचें कारणही नाहीं. परंतु सीमा दिसते तितकी पक्की नाहीं, हें त्यावरून कळतें.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवें. धानावर आणि फळबागांवर फवारण्यांत येणारीं टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल हीं बुरशीनाशकें आणि माणसाच्या बुरशीरोगांवर दिलीं जाणारीं कांहीं मुख्य औषधें एकाच कुळींतलीं, म्हणजे ॲझोल वर्गाचीं आहेत. शेतांत फवारा अविचारानें वाढला कीं मातींतल्या बुरशींस त्या औषधाची संवय होते. मग रुग्णालयांत त्याचें भाऊबंद औषध लागू पडत नाहीं. असें न जुमानणारें ॲस्परजिलसचें वाण प्रथम युरोपांत आढळलें आणि २०१२ मध्यें आपल्या देशांतही तें असल्याचें प्रसिद्ध झालें. शेतकऱ्यानें पीक मरूं द्यावें असें यावर कोणी म्हणणार नाहीं. पण रोग ओळखून, शिफारस असेल तेवढेंच आणि तेव्हांच फवारावें, यांत त्याच्या खिशाचें हित आहे आणि शेजाऱ्याच्या जिवाचेंही.

यावर करावयाचें तें थोडें आणि सोपें आहे. मळणीच्या व उपणणीच्या वेळीं डोळ्यांवर साधा चष्मा असावा. तो एका वेळच्या मजुरीहून महाग नाहीं. डोळ्यांत कांहीं गेलें तर तो चोळूं नये, स्वच्छ पाण्यानें धुवावा आणि त्याच दिवशीं आरोग्यसेविकेस किंवा डॉक्टरास दाखवावा. पाल्याचा रस, मध, दूध डोळ्यांत घालूं नये. दुसऱ्याची शिशी वापरूं नये आणि आपली दुसऱ्याला देऊं नये. डॉक्टरापाशीं गेल्यावर शेतांत इजा झाली हें आवर्जून सांगावें, कारण त्या एका वाक्यावरून त्याचें लक्ष बुरशीकडे वळतें.

ताटांत वाढलेला पांढरा शुभ्र भात पाहतांना त्यामागें किती हात राबले याची आठवण सुसंस्कृत घरांत होतच असते. त्या हातांबरोबर डोळेही राबलेले असतात. झाडीपट्टींतील पुढच्या सुगींत कुसळें पुन्हां उडतील आणि बुरशीही मातींत असेलच. तीं दोन्ही आपल्या सत्तेबाहेरचीं आहेत. इजा आणि उपचार यांमधले अठरा तास मात्र माणसाच्या हातांतले आहेत, आणि डोळा वांचतो कीं जातो हें बहुधा तेवढ्यांतच ठरतें.